रीमास्टर केलेल्या ब्लू-रेवर चेहरे मेणाचे का दिसतात?

आधी टीव्हीवरचं नॉइज रिडक्शन (चित्रातले बारीक ठिपके पुसणारी सेटिंग) बंद करा, शार्पनेस (कडांची धार) उतरवा. तरीही गाल गुळगुळीत, केस चिकटलेले दिसले तर दोष डिस्कमध्येच आहे: रीमास्टर करताना, म्हणजे जुन्या चित्रपटाची नवी, साफ केलेली डिजिटल प्रत बनवताना, फिल्मचे दाणे (चित्रात दिसणारे बारीक ठिपके) प्रमाणाबाहेर पुसले गेलेत. दाणे म्हणजे घाण नव्हे, फिल्मवरची प्रतिमा त्यांचीच बनलेली असते. म्हणून ते पुसताना त्वचेची रंध्रं, कापडाची वीणही जाते आणि कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. वाईट म्हणजे, तो मऊपणा झाकायला पुढे कडा कृत्रिमरीत्या धारदार करतात. गडद आकृतीभोवती दिसणारी पांढरी रेघ त्याचीच. हलत्या दृश्यात कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसल्या तर मात्र कारण वेगळं, डीइंटरलेसिंग, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांपासून पूर्ण चित्र बनवणं, बिघडलंय.