‘पित्त झालंय’ म्हणजे नक्की काय झालंय?

प्रश्न असा आलाय की आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो ते पित्त म्हणजे जठराचा स्त्राव की लिव्हरचा, आणि तसं म्हणणं चूक आहे का.

चूक अजिबात नाही. आयुर्वेदात पित्त हा तीन दोषांपैकी एक, गरम, अन्न पचवणारा, आणि ‘अम्लपित्त’ हा रोग माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात वेगळा सांगितलाय, त्यात आंबट-कडू ढेकर, छातीत-घशात जळजळ सगळं आहे. बोलण्यातलं पित्त तिथलं. शाळेच्या पुस्तकातला पित्तरस मात्र यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा, तो ॲसिड नाहीच, उलट किंचित अल्कलीकडे झुकलेला, तर जठररसात चक्क हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, पीएच १.५ ते २ च्या आसपास (पीएच जितका कमी तितकं ॲसिड तीव्र). उलटीत नुसतं आंबट पाणी पडलं तर ते ॲसिड, कडू आणि हिरवट-पिवळं पडलं तर तो खरा पित्तरस, चवीवरूनच कळतं.

दोघांचा कंट्रोलही वेगळा आहे, आणि मला हा भाग फार आवडतो. जेवणाचा नुसता वास आला तरी मेंदूकडून व्हेगस नर्व्हमधून जठराला निरोप जातो, मग जठरातल्याच काही पेशी गॅस्ट्रिन हे हॉर्मोन रक्तात सोडतात, त्यानं हिस्टामिन हे रसायन सुटतं आणि ॲसिडचे पंप जोरात चालू होतात. पण पीएच ३ च्या खाली गेला की सोमॅटोस्टॅटिन हे दुसरं हॉर्मोन येऊन गॅस्ट्रिनला आवरतं, म्हणजे ॲसिड स्वतःच स्वतःला ब्रेक लावतं. पुढे हे ॲसिड लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथून सिक्रेटिन हे हॉर्मोन सुटतं आणि स्वादुपिंड बायकार्बोनेट पाठवून ते शमवतं, आणि फॅट पोचलं की कोलेसिस्टोकायनिन या हॉर्मोनमुळे पित्ताशय आकसतं आणि पित्तरस बाहेर पडतो. म्हणजे जळजळ होते तेव्हा हा पित्तरस वाढलेला असतो असं नाही.

यात शब्दाच्या दृष्टीनं भारी गोष्ट म्हणजे बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये शोधलेल्या या सिक्रेटिनमुळेच १९०५ मध्ये स्टार्लिंगनं ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरात आणला, ग्रीक अर्थ चेतवणारा. आपलं ‘संप्रेरक’ त्याच अर्थाचं, छान जमलेला शब्द आहे, पण सोमॅटोस्टॅटिनचं कामच थांबवायचं, त्याला संप्रेरक म्हणताना मला नेहमी अडखळायला होतं.

‘अंगावर पित्त उठणं’ हे तिसरंच, त्या गांधींचा जठररसाशीही संबंध नाही आणि पित्तरसाशीही नाही, तिथे हिस्टामिन असतं पण त्वचेतलं.

आणि प्रश्नात ‘स्त्राव’ लिहिलंय ते ‘स्राव’ हवं. धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणं, त्यात त नाहीच. ‘स्रोत’ही त्याच धातूचा, म्हणून तिथेही ‘स्त्रोत’ नको.