चेन नाही, भांडण मात्र आहे

प्रिय मनू,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. तुझी एक रूममेट कॅलिफोर्नियाची, ती इन-एन-आउट या तिकडच्या बर्गर चेनशिवाय दुसऱ्या कशाला बर्गर म्हणायलाच तयार नाही. दुसरी टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओची, तिच्यासमोर व्हॉटाबर्गर या टेक्ससच्या चेनला नावं ठेवायची सोय नाही. दोघी तावातावाने भांडल्या, आणि थकल्यावर तुझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या लोकांची कुठली चेन?" तुला काही सुचलं नाही, म्हणून मला विचारलंस की मराठी माणसं असं भांडतात का, आणि आपली चेन, म्हणजे एका नावाच्या दुकानांची साखळी, कोणती.

भांडतात का? मनू, दर गणपतीत आपल्याकडे जेवणं झाल्यावर बाबा आणि अविकाका कशावरून आवाज चढवतात असं तुला वाटत होतं? राजकारण? छे. मिसळ. पोटात अकरा मोदक गेलेले, हातात सुपारी, आणि विषय मिसळीचा.

बाबा पुण्याचे, अविकाका नाशिकचे आणि मी कोल्हापूरची, त्यामुळे आपल्या घरात हा वाद मिटायची शक्यताच नाही. बाबांची मिसळ म्हणजे नारायण पेठेतली बेडेकरांची, जरा आंबटगोड, पोहे आणि चिवडा घातलेली. तिला मी फोडणीची भेळ म्हणते, तेव्हा ते पंधरा मिनिटं माझ्याशी बोलत नाहीत. अविकाकांना मिसळीबरोबर पापड आणि दही लागतं. माझ्या मते दही हा पराभव आहे.

कोल्हापुरात कशी असते, ते एकदा नीट सांगते, कारण तू गेलीस तेव्हा लहान होतीस आणि तुला साखर घातलेला ब्रेड दिला होता. ताटलीत तळाला मोड आलेल्या मटकीची उसळ, वर थोडी बटाट्याची भाजी, मग फरसाण नि शेव, त्यावर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. कट वेगळा येतो. वाढणारा माणूस ओगराळं पातेल्यात घालतो तेव्हा त्याचा हात बघायचा. तुम्ही "कमी तिखट" म्हणालात तर तो ओगराळ्याच्या पाठीने लाल तवंग बाजूला सारून खालचा रस्सा घेतो. काहीच बोलला नाहीत तर तवंगासकट वाढतो, आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. सोबत पाव नसतो, स्लाइस ब्रेड असतो. फरसाण मऊ पडायच्या आत खायचं, बोलायचं नंतर. उद्यमनगरात फडतऱ्यांकडे सकाळी गर्दी असते ती यासाठी. कसबा बावड्याचा माणूस मात्र फडतऱ्यांचं नाव ऐकून नुसता हसतो, कारण त्याची बावडा मिसळ. म्हणजे एका गावातसुद्धा एकमत नाही.

२०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब अवॉर्ड्समध्ये दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. मुंबईकरांना केवढा आनंद झाला! तुझ्या मामाला मी फोन करून सांगितलं, तर त्याने एवढंच विचारलं, "परीक्षक कोल्हापूरला येऊन गेलेत का?" आणि ठेवला फोन.

आता चेनचं. इथेच खरी गंमत आहे, आणि तुझ्या रूममेट्सना हे समजावणं जरा अवघड जाईल. तुझ्या मैत्रिणी ज्या वस्तूबद्दल भांडतात ती निदान ठरलेली आहे. व्हॉटाबर्गर ऑस्टिनला खा की डॅलसला, बर्गर तोच. त्यामुळे "चांगला की वाईट" असा वाद घालता येतो. आपल्याकडे दोन माणसं मिसळीवरून भांडतात तेव्हा ती दोन वेगळ्या पदार्थांबद्दल बोलत असतात, एकच नाव वापरून. निकाल लागणार कसा? आणि खरं सांगायचं तर निकाल कुणाला हवा असतो?

शिवाय आपल्याकडे जास्त दुकानं असणं हा मोठेपणा मानत नाहीत. पुण्यात दुकानांवर पाटी असते, 'आमची कोठेही शाखा नाही'. अमेरिकन माणूस ही पाटी वाचून म्हणेल, बिचाऱ्याचा धंदा वाढला नाही वाटतं. पुणेकर ती वाचून आत शिरतो. शाखा काढली की मालक गल्ल्यावर दिसत नाही, मालक दिसत नाही म्हणजे भट्टीवर कोण आहे देव जाणे, आणि मग "पूर्वीची चव राहिली नाही" हे वाक्य म्हणायला लोक मोकळे. या वाक्यापुढे मराठी वादात कुणाचं काही चालत नाही. ज्याने पूर्वीची खाल्ली नाही तोही ते म्हणतो. आणि वीस वर्षं परदेशात राहिलेला सगळ्यात जोरात म्हणतो.

चेन काढायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. वडापाव घे. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी गाडीवर तो विकायला सुरुवात केली असं सांगतात. गिरणी कामगाराला पाळीवर जाता जाता उभ्याने खाता येईल, हात खराब होणार नाहीत, पोट भरेल, खिशाला परवडेल. तुमच्या फास्ट फूडची व्याख्या याहून वेगळी काय आहे? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि खाणाऱ्यांपैकीच कित्येकांनी पोटासाठी स्वतःची गाडी टाकली. म्हणजे वडापाव मुंबईभर पसरला, पण कंपनीशिवाय. प्रत्येक गाडी सुटी, प्रत्येकाची चटणी निराळी. कीर्ती कॉलेजजवळच्या वडापावात चुरा मिळतो, ठाण्यात गजाननकडे बेसनाची पिवळी चटणी, आणि त्या त्या गल्लीतल्या लोकांना बाकी सगळं बेचव.

मग २००१ मध्ये मालाडला जम्बोकिंग आलं आणि २००४ मध्ये कल्याणला गोली. दोन्ही रीतसर चेन. गोलीने तर वडे कारखान्यात करून गोठवून दुकानात पाठवले, दुकानात फक्त तळायचे. स्वच्छ, एकसारखे, वेळेवर. धंदा झाला, वाढला, दुसऱ्या राज्यांत गेला. पण गणपतीत जेवणानंतर कुणी जम्बोकिंगच्या बाजूने आवाज चढवलेला मी तरी ऐकला नाही. भूक लागली की खातात, चांगला असतो, विषय संपला. भांडण होतं ते गाडीवरून. तिथे एकाच माणसाचा हात असतो. पाव चिरतो, एका बाजूला हिरवी नि दुसऱ्या बाजूला लसणाची लाल चटणी फासतो, कढईतून काढलेला वडा आत ठेवून तळव्याने असा दाबतो की वडा फुटतो पण बाहेर येत नाही, आणि मीठ लावलेली तळलेली मिरची कागदात टाकून पुढच्याकडे बघतो. तोवर सुटे पैसे दुसऱ्या हाताने दिलेले असतात.

पुण्यात याच्याही पुढचा प्रकार आहे. फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली आणि रूपाली अशी दोन हॉटेलं. "वैशाली की रूपाली" यावरून कॉलेजच्या मुलांच्या पिढ्या भांडल्या, बाबाही त्यातलेच. दोन्ही उभी केली एकाच माणसाने, कर्नाटकातून आलेल्या जगन्नाथ शेट्टींनी. मी हे बाबांना ऐकवलं तर म्हणाले, "माहीत आहे. पण सांबार वेगळं आहे." यावर काय बोलणार?

तुझा मेसेज वाचल्यापासून मात्र मला एक गोष्ट वाटतेय. अमेरिकेत सुद्धा लोक कुठल्या चेनसाठी हमरीतुमरीवर येतात ते बघ. मॅकडोनाल्ड्ससाठी नाही. (तिथल्या फ्राइज आपण का घेत नाही हे तू लहानपणी शंभरदा विचारलंस. इथे अमेरिकेत त्यांच्या फ्राइजमध्ये बीफचं फ्लेवरिंग असतं. त्यावरून शाकाहारी आणि हिंदू ग्राहकांनी दावे लावले आणि २००२ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलरवर तडजोड केली. तेव्हा तुझी आई उगाच कटकट करत नव्हती.) लोक जीव टाकतात ते कशावर तरी अडून बसलेल्या दुकानांवर. इन-एन-आउट १९४८ पासून स्नायडर कुटुंबाचं. फ्रँचायझी देत नाहीत, मांस गोठवत नाहीत, ते जिथून येतं त्या ठिकाणापासून फार लांब दुकान काढत नाहीत. टेक्ससला पोचायला त्यांना २०११ उजाडलं. मेन्यू एका पाटीवर मावतो. चिकन सँडविचवालं चिक-फिल-ए रविवारी बंद, १९४६ पासून, धंदा बुडाला तरी. हे ऐकून तुझ्या बाबांना चितळ्यांची आठवण येते. चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, जगबुडी आली तरी. त्यावर इतके विनोद झाले की २०१७ मध्ये त्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवलं तेव्हा त्याची बातमी झाली! आणि काही पुणेकरांना चक्क वाईट वाटलं.

तुझ्या सॅन अँटोनिओवालीला विचार, २०१९ मध्ये काय झालं. व्हॉटाबर्गर १९५० मध्ये कॉर्पस क्रिस्टीत सुरू झालं, टेक्ससच्या विधिमंडळाने त्याला 'टेक्सस ट्रेझर' ठरवलं, आणि २०१९ मध्ये त्याचा मोठा हिस्सा शिकागोच्या एका कंपनीने घेतला. टेक्ससभर हाय खाल्ली लोकांनी. "आता चव बदलणार." मनू, हे वाक्य मी पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात ऐकलंय. त्या मुलीला एक वडापाव खायला घाल, ती आपलीच आहे.

तेव्हा "तुमच्या लोकांची कुठली" याला उत्तर दे की आमची कुठलीच नाही, आम्ही चेनसाठी भांडत नाही, एकेका दुकानासाठी भांडतो, आणि त्यातही दुकान आपल्या गावातलं असेल तरच. मग त्यांना विचार की तुमच्या गावातलं एकच दुकान सांगा, ज्याची दुसरी शाखा नाही. बघ दोघी कशा सुरू होतात. सॅन अँटोनिओची तर टाकोवरून थांबायची नाही.

आणि आपल्या घराची अमेरिकेतली चेन कुठली असं कुणी खोदून विचारलंच, तर लाजू नकोस, सांग टाको बेल, ती टाको-बरिटोवाली. लांबच्या प्रवासात आजी-आजोबा गाडीत असताना दुसरं होतं काय? बीफच्या जागी बीन्स घाला म्हटलं की निमूटपणे घालतात, कुणी वर बघत नाही. आजोबा बीन बरिटोवर घरून आणलेली लसणाची चटणी पसरून खायचे आणि दर वेळी म्हणायचे, "बरं लागतंय, पण कांदा हवा होता." टाको बेलसाठी आपण कधी कुणाशी भांडलो नाही. पण खाल्लं सगळ्यात जास्त तेच, हेही खरं.

तू माझं मत विचारलेलं नाहीस, तरी देते. तुझ्या बाबांना इन-एन-आउट आवडतं, तिथल्या फ्राइज सूर्यफुलाच्या तेलात तळतात आणि बटाटा समोर चिरतात म्हणून. मला त्या फ्राइज भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या लागतात. मी व्हॉटाबर्गरच्या बाजूने. रात्रभर उघडं असतं, आणि परीक्षेच्या दिवसांत तुला दोन वाजता भूक लागते हे मला माहीत आहे. रात्री अकरानंतर हनी बटर चिकन बिस्किट मिळतं, ते घे. सकाळी अकरापर्यंतच असतं, त्यामुळे नेहमीसारखी बाराला उठलीस तर गेलं.

बाबा पाठीमागून वाचतायत आणि म्हणतायत, फ्राइज 'वेल डन', म्हणजे जास्त तळून, मागवायच्या असतात, आईला मागवता येत नाहीत. त्यांचं पत्र वेगळं येईल.

तुझी,
आई