माळ घालण्याआधी संडासचा रंग बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ५६ वर्षांचे, दारव्ह्याकडे शेती, पंधरा दिवसांपासून डोळे पिवळे, ताप नाही, पोट दुखत नाही, पण जेवण तुटलंय. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, बिलिरुबिन ९.२ निघालं आणि सोनोग्राफी करून आणा म्हणाले. मामा म्हणतात, "दवाखान्यात काहून नेता, काविळीची माळ घाला, आठ दिवसांत उतरते. माह्या पोराची तीनदा उतरली." आणि तुम्ही विचारताय की लिव्हरसाठी आयुर्वेद-निसर्गोपचार बरा की अॅलोपॅथी.

त्या वादावर लिहितो, पण नंतर. तुम्ही अगदी शेवटी एक वाक्य लिहिलंय: "रात्रभर अंग खाजवतात आणि संडास पांढरट होते." त्या एका वाक्यासाठी मी आज उत्तर लिहायला बसलो. सोनोग्राफी उद्याच करा. माळ, काढा, सलाईन, जे काय करायचं ते त्यानंतर.

कारण असं. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की पिवळं बिलिरुबिन तयार होतं, लिव्हर त्याला पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तासोबत आतड्यात सोडतं. संडासला जो रंग असतो तो त्याचाच. पित्ताची वाट बुजली की हा माल उलटा रक्तात फिरतो, लघवीत उतरून ती गडद करतो, अंगाला खाज सुटते आणि संडास मात्र पांढरी पडते. वाट बुजवणारा खडा असू शकतो, नळीतली किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याशी झालेली गाठही असू शकते. विषाणूच्या साध्या काविळीतही मधले काही दिवस असं होतं, म्हणून आत्ताच जीव घाबरा करून घेऊ नका. पण यातलं नेमकं काय, हे डोळ्यांकडे बघून कोणालाच सांगता येत नाही. मामांना नाही, मला नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होतो, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पिवळं सीरम हजारदा हाताळलं असेल. आणि तरीही माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची कावीळ मी सहा आठवडे तपासली नाही. तो गावी, मी नोकरीच्या ठिकाणी. फोनवर म्हणायचा, "माळ घातली, गळ्यातून छातीपर्यंत आली, उतरून रायली." मी म्हणायचो, बरं. सातव्या आठवड्यात थंडी वाजून ताप भरला, बडबडायला लागला, तेव्हा जीप करून नागपूरला नेलं. पित्तनळीत खडा आणि त्यामागे पू. दुर्बिणीतून खडा काढला, भाऊ वाचला, पण तेवीस दिवस दवाखान्यात गेले आणि बैलजोडी विकावी लागली. वहिनी नंतर म्हणाली, संडास चुन्यासारखी होते असं भावाने तिला दोनदा सांगितलं होतं, पण असं कोणाला सांगावं? तेव्हा आमच्याकडे सारे पहाटे अंधारात टमरेल घेऊन शेताकडे जायचे. रंग बघणार कोण? तुमच्याकडे घरी संडास असेल तर बाबांना संकोच सोडून बघायला सांगा. लघवी पारदर्शक बाटलीत घेऊन जोरात हलवा. फेसही पिवळा दिसला तर बिलिरुबिन लघवीत उतरतंय.

गंमत म्हणजे हा फरक आयुर्वेदाला नवा नाही. चरकसंहितेत पांडुरोगाच्या प्रकरणात कामला सांगितली आहे, आणि तिळाच्या पेंडीसारखी पांढुरकी संडास होते ती कामला वेगळी काढली आहे, तिचा उपचारही वेगळा दिला आहे. म्हणजे ज्याला खरोखर आयुर्वेद येतो तो वैद्य पहिल्यांदा हेच विचारेल. जो न विचारता गळ्यात माळ टाकतो त्याला आयुर्वेदाचं नाव देऊ नका, ती वैद्यांवर अन्यायाची गोष्ट होईल.

माळ का उतरते तेही सांगतो. ओल्या काड्यांचे तुकडे सैल गाठींत बांधलेले असतात. काड्या वाळतात, गाठी सुटतात, माळ लांबते. निरोग्याच्या गळ्यात घाला, तिथेही लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पिवळं पाणी उतरतं, ते आधी हाताला चोळलेल्या आंब्याच्या सालीमुळे. नाकात कडू दोडक्याचा रस टाकून पिवळं पाणी काढतात, तेव्हा निघतो तो सोललेल्या नाकातला स्राव. लिव्हर आणि नाक यांच्यात नळी नाही.

मग लोक बरे कसे होतात? आपल्याकडे पावसाळ्यात फुटक्या नळातून येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटीस ए किंवा ई असते, आणि ती चार-सहा आठवड्यांत बहुतेकांची आपोआप जाते. माळवाल्याकडेही जाते, भारी दवाखान्यातही जाते. श्रेय ज्याच्या दारात असाल त्याला. फक्त घरात कोणी गरोदर असेल तर ई ला साधी समजू नका. शेवटच्या तीन महिन्यांत ती शंभरात वीस-पंचवीस बायकांचा जीव घेऊ शकते. (गावात एकाच वेळी चार घरी कावीळ असेल तर ग्रामपंचायतीत पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात का आणि ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासणं) होते का, तेही विचारा. माळेपेक्षा त्याचा उपयोग जास्त.)

आता औषधांचं. जडीबुटी आहे म्हणजे अपाय नाही, हे डोक्यातून काढा. गुळवेल आपल्या बांधावर आहे, कोरोनात घरोघरी काढा झाला, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी असंही म्हटलं गेलं. असेल. पण बांधावरून तोडणाऱ्याला ती ओळखता येते का? भुईआवळीचं उलट. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की हिपॅटायटीस बी बाळगणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून त्याची खूण गेली. सगळे खूश झाले. पुढे इतरांनी करून बघितलं तेव्हा तसं निघालं नाही. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक गोळीत कुटकी ही कडू जडीबुटी असते, तशी कज्जलीही असते, म्हणजे पारा आणि गंधक. शिकलेल्या वैद्याने मोजून, ठरावीक दिवस दिली ती गोष्ट निराळी. बाजारात पुडीत मिळणारी, नाव-गाव नसलेली पावडर मी माझ्या शत्रूलाही देणार नाही.

अॅलोपॅथीवाल्यांचंही कौतुक करत नाही. दोन सलाईन, एक पिवळं इंजेक्शन, लिव्हर टॉनिकची बाटली, झाले आठशे रुपये. यानं कावीळ एक दिवसही लवकर जात नाही. सिलिमारिनच्या गोळ्या लिहितात, त्याही मूळ झाडपाल्याच्याच, आणि पुरावा तिथेही कच्चाच. हिपॅटायटीस बी आणि सी हे दोन विषाणू तर वापरलेल्या सुईनेही पसरतात. त्यांची तपासणी आणि औषधं २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट आहेत, आणि सी तर गोळ्यांनी बहुतेकांचा बराच होतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं की आधी काविळीला नाव पडू द्या, मग पॅथी निवडा. वाट बुजली असेल तर ती कोणत्याही काढ्याने उघडत नाही, तिथे दुर्बीण किंवा ऑपरेशनच. लिव्हरमध्ये चरबी साठली असेल तर गोळीपेक्षा पायी चालणं, वजन उतरवणं आणि साखर आवरणं मोठं. तिथे निसर्गोपचारवाला जे सांगतो तेच चांगला डॉक्टरही सांगतो. दारूमुळे असेल तर दारू बंद, दुसरं औषध नाही. बाबा "सणावाराला घेतात" असं लिहिलंत. किती आणि किती वर्षं, हे डॉक्टरांना खरं सांगा. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीत आहे, तरी तिकडचे दारूने सुजलेले लिव्हर आमच्या टेबलावर यायचेच, आणि प्रत्येक जण सणावारालाच घ्यायचा.

पथ्यापायी माणूस उपाशी मारू नका. हळद बंद, तेल बंद, मीठ बंद, नुसता उसाचा रस, असं पंधरा दिवस चाललं तर अंगातली उरली ताकदही जाते. त्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, तेही कळत नाही. मळमळ असेल तर तेलकट कमी करा, बाकी भाकरी, वरण, भात, दही, जेवढं जाईल तेवढं थोडं थोडं द्या.

उद्या उपाशीपोटी न्या, सहा-आठ तास काही खाल्लेलं नको म्हणजे पित्ताशय नीट दिसतं. रक्ताचे रिपोर्ट सोबत ठेवा आणि डायरेक्ट बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) झालं नसेल तर करून घ्या. वाट बुजली की व्हिटॅमिन के अंगी लागत नाही आणि रक्त गोठायला उशीर होतो, हे ऑपरेशनआधी कळलेलं बरं. मध्येच थंडी-ताप, बडबड किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर सोनोग्राफीची वाट न बघता थेट यवतमाळ किंवा सावंगी-सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात निघा. खर्चाचं तिथल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचा माणूस) विचारा, शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवा.

आणि मामांनाही सोबत घ्या, त्यांच्या पोरासकट. त्याची कावीळ तीनदा उतरली म्हणजे तीनदा आलीही. तुम्ही लिहिलंय की त्याचे हातपाय दुखतात आणि तो नेहमी फिकट दिसतो. आपल्या विदर्भात अशा पोराचं रक्त सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजारासाठी तपासलंच पाहिजे. त्यात लाल पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडतात, म्हणून डोळे पिवळे होतात आणि पुन्हा निवळतात. पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. बोटाला एक टोचणी, बस. रिपोर्ट आले की इथेच टाका, मी बघतो.