थंडीत काहीच सुरू करावंसं वाटत नाही, मार्चपर्यंत थांबलं तर तो आळस होईल का?

नाही होणार. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण आठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी माझ्या मोठ्या बहिणीला विचारला होता आणि तिचं उत्तर मला अजून सलतं.

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात नोकरी सोडली, १ जानेवारीपासून स्वतःचं काहीतरी सुरू करायचं ठरवलं होतं, पण थंडी पडल्यापासून हातपायच हलत नाहीत. मार्चपर्यंत थांबावं का, आणि थांबायचं तर त्या दिवसांत नेमकं करायचं काय. माझीही नोकरी गेली होती, तीही दिवाळीच्या तोंडावर. अमरावतीत एका विनाअनुदानित शाळेत चौदा वर्षं शिकवलं आणि एका दुपारी बोलावून सांगितलं की तुकडी बंद होतेय. मी सामान आवरलं आणि सासरी, वरूड तालुक्यात आले. आमचे हे मोर्शीला नोकरीला, घरी सासू-सासरे आणि ३८० झाडं संत्र्याची. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरता सरता येणाऱ्या फुलांची, फळं नुकतीच उतरली होती.

मी ताईला फोन केला. म्हटलं, दोन महिने जरा थांबते, मग बघते काय करायचं ते. ती म्हणाली, "थांबते म्हणजे? बसलेल्या माणसाला कोणी काम देत नाही. एक तारखेपासून सुरू कर काहीही." मी ऐकलं. एकाच वेळी तीन गोष्टी धरल्या: गावात शिकवणी, संक्रांतीच्या तिळाच्या वड्यांच्या ऑर्डरी, आणि तालुक्याला जाऊन एमएस-सीआयटी.

त्याच आठवड्यात मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. बाग माझ्याकडे आली. काम म्हणाल तर काहीच नव्हतं, कारण ताण सुरू होता. वरूडकडच्या माणसाला ताण सांगावा लागत नाही, पण तुम्ही कुठले ते लिहिलेलं नाही म्हणून थोडक्यात सांगते. आंबिया बहार धरायचा असेल तर फळ उतरल्यावर, खत-मशागत उरकून, डिसेंबरच्या सुरुवातीला बागेचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर, आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. एकीकडे पाणी नाही, दुसरीकडे थंडी. दोन्ही मिळून झाडाची वाढ थांबते. पानांनी केलेलं अन्न नव्या फुटीवर खर्च होत नाही, काडीत साठून राहतं, आणि काडीवरच्या डोळ्यातून पान निघणार की फूल, ते या दिवसांत ठरतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त मलूल झाड दिसतं. पानं दुपारी वळतात, मग पिवळी पडतात, पाव हिस्सा गळूनही जातात. तेवढी गळली की ताण बसला असं समजायचं आणि जानेवारीच्या मध्यावर पाणी द्यायचं, तेही एकदम भरपूर नाही. आधी हलकं आंबवणीचं, आठवड्यानं पुढचं.

दवाखान्यात जाताना मामाजींनी मला एकच गोष्ट बजावली. "सूनबाई, व्हॉल उघडजो नोको. पानं सुकली तरी नोको. तिळसंकरात झाल्याबिगर पानी नाई."

चौथ्या-पाचव्या दिवशी मी बागेत गेले आणि माझं काळीजच हाललं. विहिरीकडच्या तुकड्यातली २२० झाडं माना टाकून उभी. पुस्तकात ताण वाचणं वेगळं आणि आपल्या ताब्यातलं झाड डोळ्यांदेखत वाळताना बघणं वेगळं. शिवाय मी तेव्हा ज्या अवस्थेत होते त्यात काहीही थांबलेलं बघवत नव्हतं. मला वाटलं, मामाजी म्हातारे झाले, जुनं धरून बसलेत. ठिबक आहे, विहिरीला पाणी आहे, मग झाडाला उपाशी का मारायचं? त्या दिवसांत आमच्याकडे शेतीची लाईन रात्रीची होती. मी आठ रात्री उठून मोटार सुरू केली आणि विहिरीकडच्या तुकड्याचा व्हॉल उघडला. नाल्याकडच्या १६० झाडांचा नाही उघडला, कारण त्या बाजूला अंधारात जायची भीती वाटायची. नाहीतर ती पण गेली असती.

झाडं कशी तरारली! चार दिवसांत पानं ताठ. मी ताईला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, "बघ, हात लावला की सगळं उभं राहतं."

मामाजी हिरवी पट्टी लावून परतले तेव्हा पौष लागलेला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हात धरून बागेत न्यायला सांगितलं. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. त्यांनी विहिरीकडच्या एका झाडाची डहाळी हातात घेतली, पान बोटांत चुरलं, मग खाली वाकून माती चिमटीत घेतली. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "निजलेल्या मानसाले अर्ध्या रातीत उठोलं तं थो दिवसभर पेंगते." आणि घरी चला म्हणाले.

माघात नाल्याकडच्या तुकड्यात फुलं आली. वसंत पंचमीच्या सुमाराला संत्र्याची बाग फुलली की तो वास घरापर्यंत येतो, अंगणातल्या वाळवणाला, कपड्यांना लागतो. मधमाश्यांचा आवाज बांधावरून ऐकू येतो. विहिरीकडे मात्र नुसती नवती, फिक्या हिरव्या पानांची लुसलुशीत फूट, बघायला फार सुंदर. फुलं शोधावी लागत होती. २२० झाडांनी माझ्या आठ रात्रींच्या पाण्याची पानं केली. नोव्हेंबरात व्यापारी बाग बघायला आला तेव्हा नाल्याकडे फिरला, फळं मोजली, भाव बोलला. विहिरीकडे नजर टाकून म्हणाला, "हे सोडून देऊ." मी ओसरीवर उभी होते. ते तीन शब्द मी विसरणार नाही.

आणि माझी ती तीन कामं? होळीपर्यंत तिन्ही बंद. शिकवणीला पोरं आली, पण शाळेचा राग त्यांच्यावर निघायला लागला, तेव्हा मीच थांबवली. वड्यांचे पैसे तीन जणींनी अजून दिलेले नाहीत. कोर्सची फी भरून परीक्षेला बसले नाही.

मी मामाजींना म्हटलं होतं की मृग बहार तरी धरू, उन्हाळ्यात ताण देऊ, पावसाळ्यात फुलं येतील, फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ उतरेल, वर्ष वाया जाणार नाही. ते नाही म्हणाले. ज्या झाडाचा झोपेत घात झाला त्याला सहा महिन्यांत पुन्हा राबवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तो तुकडा वर्षभर रिकामा ठेवला. शेण घातलं, पाणी वेळेवर दिलं, फळ मागितलं नाही. आमच्या शिवारात एकाच झाडावर दोन्ही बहार घेणारे आहेत. चार वर्षं पैसा दिसतो, मग फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, त्यांना आम्ही सल म्हणतो, खोडातून डिंक गळतो, आणि पंचवीस वर्षं जगायचं झाड निम्म्यात जळणाला जातं. मी अशा बागा उपटताना पाहिल्या आहेत. म्हणून रिकामं ठेवणं म्हणजे वाया घालवणं असं कोणी म्हटलं की मला राग येतो, आणि ताई दर दिवाळीत ते म्हणते. "एक अख्खं वर्ष घालवलं तुझ्या सासऱ्यांनी." ताई, तू हे वाचत असशील तर सांगते, त्याच्या पुढच्या वर्षी त्या २२० झाडांना बांबूचे टेकू लावावे लागले होते. तुला फोटो पाठवला होता. त्यावर तू काही लिहिलं नाहीस.

आता तुमच्या १ जानेवारीबद्दल. ही तारीख आपल्या हवेतली नाही. आपल्याकडे ती पौषात नाहीतर पौषाच्या तोंडावर येते, आणि पौषात आपली माणसं लग्नाची बोलणीसुद्धा करत नाहीत. मामाजी म्हणायचे, "पुसात कोनी नवं काही करते काय?" मी शिकलेली, मला ती अंधश्रद्धा वाटायची. पण ताणाचे दिवस मोजा, बहुतेक वर्षी पौषाचा बराच भाग त्यात येतो. माघात फूल, चैत्रात कडुनिंबाला पालवी आणि आपला पाडवा. नवं वर्ष झाडाला पालवी असताना सुरू करायचं ज्यानं ठरवलं त्याला शेत कळत होतं. तुम्ही सहज मार्च लिहिलंय, पण पाडवा त्याच सुमाराला येतो. तुमच्या अंगाला ते आधीच कळलेलं दिसतंय.

एक मात्र खरं. हिवाळाभर पांघरुणात पडून राहायचं हे जे हल्ली सांगतात ते बर्फाच्या मुलखातलं आहे. तिथे झाडाची पानं झडतात, सफरचंदाला शेकडो तास कडक थंडी लागते, तेव्हा ते फुलतं. आपला हिवाळा तसा नाही. गहू-हरभरा याच दिवसांत उभा असतो, आयुर्वेदात हेमंताला बळाचा ऋतू म्हटलंय, भूक चांगली लागते, बाजरी, तीळ, गूळ, डिंकाचे लाडू सगळं आत्ताच पचतं. थांबण्याचे दिवस म्हणाल तर आपल्याकडे चातुर्मास, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. तेव्हा हिवाळ्यात सगळ्यांनीच थांबावं असं मी म्हणत नाही. गव्हाला जानेवारीत ताण दिला तर ओंबीत दाणा भरणार नाही. तुम्ही यंदा गहू आहात की संत्रा, हे तुम्हालाच बघावं लागेल. ज्याचं फळ नुकतंच उतरलंय त्यानं थांबावं. नोकरी सोडणं हे फळ उतरण्यासारखंच आहे, गोड असो की आंबट.

त्या दिवसांत काय करायचं हे विचारलंत. ताणाच्या दिवसांत बागेत आम्ही सल काढतो, खोडाला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावतो, ठिबकच्या नळ्या धुतो. वाढ होईल असं काही करत नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी स्वतःचं तसंच केलं. शाळेतली चौदा वर्षांची कागदपत्रं काढली, निम्मी जाळली. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरला. सकाळी मामाजींसोबत उन्हात बसले. खूप झोपले. पाडव्याला ओसरीवर सहा पोरांची शिकवणी सुरू केली, आज बावीस आहेत.

ती चालली त्याचं कारण मी थांबले हेच आहे, असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. गावातला दुसरा क्लास त्याच वर्षी बंद झाला, त्याचाही फायदा मिळाला. आणि मी थांबू शकले कारण ह्यांचा पगार येत होता आणि चूल सासूबाई सांभाळत होत्या. त्यांना पौष नाही की चातुर्मास नाही. हे मला तेव्हा दिसलं नाही, त्याची मला खंत आहे. आता ताणाच्या दिवसांत सकाळचा स्वयंपाक मी करते, त्या उन्हात बसतात.

अजून दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पाच-सहा वर्षांच्या आतल्या झाडाला बहारासाठी ताण देत नाहीत, त्याचं अंगच भरलेलं नसतं. तुमचं वय कमी असेल, ही पहिलीच नोकरी असेल, तर माझं सगळं तुम्हाला लागू होईलच असं नाही. दुसरं, ताणाला शेवट असतो. संक्रांत उलटून गेली, पाणी दिलं, तरी झाड उठत नसेल तर आम्ही मुळं उकरून बघतो. तुम्हाला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, रडू येत असेल, तर मार्चची वाट बघू नका, डॉक्टरकडे जा. तो ताण नाही, ते दुखणं आहे.

आमच्याकडे ५ डिसेंबरला पाणी बंद झालंय. मामाजी आता नाहीत. विहिरीकडच्या व्हॉलला मी कुलूप लावते आणि किल्ली सासूबाईंकडे देते. काल दुपारी नाल्याकडची पानं वळायला लागली.

तुमच्या गाठीला किती महिन्यांचा खर्च आहे आणि घरात दुसरं कोणी कमावतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. भारी जमीन की हलकी हे कळल्याशिवाय किती दिवस थांबा ते मला सांगता येणार नाही. तेवढं खाली लिहा.