विंचेस्टर 1887 ही लिव्हर असलेली शॉटगन पुन्हा पॉलिश करून घेतल्यास तिची किंमत वाढते का?

नाही, बहुधा ती बरीच कमी होते. कारण जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेल्या या बंदुकीचे सुमारे 65 हजार नग तयार झाले असल्यामुळे अमेरिकेतील संग्राहक निव्वळ दुर्मिळतेसाठी नव्हे, तर मूळ अवस्थेसाठी पैसे मोजतात. तिच्या खटक्याच्या चौकटीवर कारखान्यात भट्टीतून काढताना उमटलेले निळे-तपकिरी ढगाळ रंग हाताळणीने सहज पुसले जातात, म्हणून ते लिव्हरच्या कडेला किंवा खाचांत जरी शिल्लक असले, तरी जाणकार आधी तेच पाहतो. पॉलिशच्या चाकाखाली ते जातातच, शिवाय चौकटीच्या धारदार कडा आणि डाव्या बाजूची कोरीव अक्षरेही बोथट होतात, आणि गेलेली मूळ अवस्था कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही. लाकडी दस्ता बदललेला असेल, तर तोही किमतीत वजाच धरावा. दुर्मिळतेलाच जादा भाव मिळण्याचा अपवाद आखूड नळीचा: कारखान्यातून 20 इंची नळीसह निघालेल्या बंदुकीला साध्या 30 किंवा 32 इंची बंदुकीपेक्षा अधिक भाव मिळू शकतो, मात्र मागाहून करवतीने कापलेल्या नळ्याच (हा उद्योग पुष्कळांनी केला आहे) बाजारात जास्त दिसतात. त्यामुळे नळीच्या तोंडाची घडण तपासावी आणि अनुक्रमांकावरून वायोमिंगमधील कोडी येथील शस्त्रसंग्रहालयाकडे असलेल्या कारखान्याच्या नोंदी पडताळल्याशिवाय जादा रक्कम देऊ नये.