सिसरो वाचायचाय? तिसरा भाग आधी घे

अरे, पहिल्या पानापासून सुरुवात करू नकोस, चार सद्गुणांच्या विवेचनातच अडकशील. ‘कर्तव्यांविषयी’ हे पुस्तक रोमन राजकारणी आणि वक्ता सिसरोनं इ.स.पू. 44 मध्ये अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी लिहिलं. त्याचा तिसरा भाग उघड. ऱ्होड्स या ग्रीक बेटावर दुष्काळ, धान्य घेऊन पोचलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे की मागून आणखी जहाजं येताहेत. सांगावं, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? बॅबिलोनचा तत्त्वज्ञ डायोजिनिस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याच्याच शिष्याला, अँटिपेटरला, ते पटत नाही, सिसरोलाही नाही. पुढचं उदाहरण तर दोष लपवून घर विकणाऱ्याचं! गिरगावात पावसाळ्यात गळणारी खोली मे महिन्यात दाखवतात, तसंच. (आम्ही घेतलीय तशी.) सिसरो स्वतः राजकारणात किती डगमगला, ते त्याच्या पत्रांत दिसतं. ती नंतर वाच.