‘रॅप’ म्हणजे नेमके काय गुंडाळायचे?

प्रश्न : आम्ही बेदाणा परराज्यात पाठवतो. नव्या खरेदीदाराच्या ऑर्डरमध्ये ‘रॅप द पॅलेट्स’ असे होते. आम्ही एकेक पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, तर ‘हे सांगितलेच नव्हते’ असे उत्तर आले. ‘रॅप’ म्हणजे गुंडाळणेच ना?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : अर्थ तुम्ही बरोबर लावलात, सुटला तो पुढचा शब्द. पॅलेट म्हणजे पेट्या रचायची लाकडी चौकट. बोलताना तिच्यावरच्या थप्पीलाही पॅलेटच म्हणतात. म्हणजे फिल्म अख्ख्या थप्पीभोवती फिरवायची होती. सुरुवात लाकडापासूनच करा. चौकट आणि सर्वांत खालची पेटी एकत्र धरून तीन-चार वेढे द्या, मग प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर चढवत वर जा. लाकूड सोडून नुसत्या पेट्या गुंडाळल्या, की ट्रकने वळण घेताच सगळी थप्पी चौकटीवरून सरकू शकते.

हा ‘स्ट्रेच रॅप’. तो ताणून बसवतात, उष्णता लागत नाही. ‘श्रिंक रॅप’ गरम हवेने आक्रसून घट्ट बसतो. पाण्याच्या बाटल्यांच्या गठ्ठ्यावर असतो तो. पेटीत बेदाणा भरणे हे मात्र ‘पॅक’, त्याला ‘रॅप’ म्हणत नाहीत.

खरेदीदाराला उत्तर लिहिताना शब्दयोगी जपा. वस्तू आधी आली तर ‘इन’ : ‘रॅप द बॉक्स इन पेपर’. कागद आधी आला तर ‘अराउंड’ : ‘रॅप पेपर अराउंड द बॉक्स’. स्पेलिंगमध्ये सुरुवातीचा डब्ल्यू विसरू नका. तो उच्चारात नसतो, पण गाळला तर शब्द गाण्यातला ‘रॅप’ होतो. भूतकाळात पी दोनदा येतो.

प्रश्न : ‘लेट्स रॅप अप द मीटिंग’चे ‘सभा गुंडाळू या’ असे भाषांतर चालेल का?
– एक वाचक, कराड (जि. सातारा)

उत्तर : नको. मराठीत सभा गुंडाळली म्हटले, की विषय अर्धवट टाकून घाईने संपवली असा सूर लागतो. ‘रॅप अप’मध्ये काम नीट पुरे करणे आहे, म्हणून ‘सभेचा समारोप करू’ म्हणा. उलट दिशेनेही हीच अडचण येते. ‘कंपनी गुंडाळली’ला इंग्रजीत ‘वाइंड अप’ लागते. ‘अहवाल गुंडाळून ठेवला’साठी ‘अंडर रॅप्स’ लिहिणे तर साफ चूक, कारण त्याचा अर्थ मुद्दाम गुप्त ठेवला असा होतो. तिथे ‘शेल्व्ह्ड’ हवे.